पेटीवाल्यानं दुरुस्त केलेला कॅमेरा

वालूर,
४ डिसेंबर १९७७

ती. लिंबाजीकाका,
सप्रेम जयभीम.

पत्राआधी पार्सल उघडलं असेल, तर उठून दार लावून घ्या आणि नर्मदाकाकूंनाही बजावून ठेवा, की यातलं अवाक्षर वालूरला कळता कामा नये. पार्सलात आबांचा कॅमेरा आहे. जुन्या लुगड्यात गुंडाळून परभणी गाडीच्या कंडक्टरच्या हाती दिलाय. त्यानं विचारलं, "बाई, काय हाय?" मी म्हटलं, "लाडू." रस्त्यात त्यानं हात घातला नसेल अशी आशा करते.

तुम्ही आबा गेले तेव्हा येऊन गेलात, ते पुन्हा काही फिरकला नाहीत. म्हणून इकडचं सांगावं लागतंय. आमच्या घरात आबांचा एकही फोटो नाही. आमच्या वस्तीत सेलूचा फोटोवाला यायचा नाही, आला तर वेशीवरूनच काढून जायचा. म्हणून आबांनी सगळ्या वस्तीचे फोटो काढले. काढणारा माणूस मात्र फोटोत येत नसतो. ते गेल्यावर आईनं त्यांचा कॅमेरा चामडी डब्यासकट कोनाड्यात, बुद्धमूर्तीशेजारी ठेवला. लोकांच्या घरी फोटोला हार, आमच्या घरी कॅमेऱ्याला. रोज सकाळी आई डबा पुसते, फूल ठेवते आणि घरातलं काय काय घडलं ते त्याला सांगते. गेल्या आठवड्यात तिनं माझी तक्रार केली, की पोरगी शिक्षिका झाली पण भाकरी अजून करपवते.

आबा गेल्यापासून, आठ वर्षांत, वस्तीत एकाचाही फोटो निघालेला नाही. लेकरं झाली, मोठी झाली, पोरी नांदायला गेल्या. २६ फेब्रुवारीला आबांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सगळी वस्ती खिरीला आमच्या अंगणात असते. यंदा मला आबांच्याच कॅमेऱ्यानं सगळ्यांचे फोटो काढायचेत. आणि आईचा. आबांनी तिचा एकटीचा फोटो कधी काढलाच नाही. "आधी दुसऱ्यांचा काढा, रोल संपंल," म्हणत ती दर वेळी मागं सरायची.

पण आई कॅमेऱ्याला हात लावू देत नाही. "हाय तसा राहू दे," असं दोनदा म्हणून झालंय. त्यामुळं मी तिला न विचारता काढून घेतला. डबा कोनाड्यातच आहे. उचलल्यावर हलका लागू नये म्हणून घाईघाईत आत दोन कांदे घातलेत.

आबा गेले त्याच्या आदल्या वर्षी उंदरानं भाता कुरतडला, असं तेच म्हणायचे. भाता म्हणजे पुढची ती काळी घड्यांची पिशवी, तुमच्या पेटीला असते तशीच. म्हणून तर तुमच्याकडं पाठवला. जिल्ह्यात भात्यातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?

तुमची लेक,
सत्यशीला


परभणी,
१२ डिसेंबर १९७७

चि. सत्यशीला,
जयभीम.

पेटीवाल्याकडं कॅमेरा पाठवायची अक्कल तात्यारावाच्या लेकीलाच सुचावी. उद्या दाढ दुखली तर लोहाराकडं जाशील. लाडू सुखरूप पोचले. नर्मदेनं लुगडं सोडलं, कॅमेरा बघितला आणि एकदा माझ्याकडं बघितलं.

बाई, मी चाळीस वर्षं पेट्या दुरुस्त करतोय. भजनाच्या, जलशाच्या, शाळेच्या. कॅमेरा कधी उघडला नव्हता. पण तात्याराव जलशात गायला उभा राहिला, की पेटीवर मीच असायचो. त्याची वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायला मन होईना.

तर हकिकत अशी. भिंग शाबूत आहे, कडेला थोडी बुरशी होती ती मलमलीनं पुसली. बटण दाबलं तर आतला पडदा उघडेना. तो भाग खोलून शेजारच्या करीमचाचा घड्याळवाल्यांकडं नेला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि म्हणाले, "मियाँ, तेल सूख के गोंद हो गया. धो के देतूं, फिकीर नक्को." दुसऱ्या दिवशी पडदा टक्‌टक् वाजायला लागला. आवाज ऐकून तात्याराव समोर उभा राहिल्यासारखं झालं.

भाता मात्र गेला. तिसऱ्या घडीला उजव्या कोपऱ्यात उभा फाटलाय आणि बाकीचं कातडं वाळून तडकलंय. उंदरानंच खाल्ला असणार, दुसरं काय! परभणीतही उंदीर लय झालेत. त्यावर जास्त विचार करू नकोस.

नवा भाता मी करतो. गीतावहिनी त्या उंदराबद्दल कधी काही बोलतात का? सहज विचारलं.

तुझा,
लिंबाजीकाका


वालूर,
२२ डिसेंबर १९७७

ती. लिंबाजीकाका,
जयभीम.

गुपित राखण्यात मी किती हुशार आहे ते ऐका. फक्त शेजारच्या सुमनबाईंना सांगितलं, तेही शपथ घालून. तिसऱ्या दिवशी सरजाबाई मला विहिरीवर गाठून म्हणते, "पोरी, माजा फोटो शेळीसंगं काढ. आन् मला मेल्यावर भितीला टेकून बसवून काढू नगा. आमच्या मालकाचा तसा काढलाय, ते सारखे रागावल्यावाणी दिसायलेत. माजा जितेपणी काढ." मी कबूल केलं. आता वस्तीत आईला सोडून सगळ्यांना माहीत आहे. माझ्या वर्गातल्या पोरी तर रोज विचारतात, "बाई, वेणी कशी घालू?"

त्यामुळं आता माघार नाही. सगळी वस्ती नटून अंगणात येणार आणि कॅमेरा बंद निघाला, तर माझी शोभा होईलच. पण खरी भीती वेगळीच आहे. तुम्ही भाता काढला, पडदा खोलला. त्यातून पुन्हा काही जुळलंच नाही, तर आईच्या कोनाड्यात मी काय ठेवू? तिच्याजवळ आबांचं म्हणून तेवढंच आहे. हे मला कॅमेरा पाठवल्यावर सुचलं. शिक्षिका असून.

उंदराचं मी आईला सहज विचारलं. "उंदीरच की," एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून आत गेली. खांदे हलत होते तिचे. उगाच विचारून तिला रडवलं असं वाटून गेलं. पुन्हा तो विषय काढणार नाही, तुम्हीही काढू नका.

तुमची लेक,
सत्यशीला


परभणी,
११ जानेवारी १९७८

चि. सत्यशीला,
जयभीम.

नगारे वाजव! कॅमेरा तयार आहे.

जुना भाता पाण्यात भिजवून उलगडला, त्यावरून कागदावर घड्या उतरवल्या. पातळ पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या. वरून बकऱ्याचं मऊ कातडं, जे मी उत्तम पेटीच्या भात्याला वापरतो. कोपऱ्यांना दुहेरी. सरस लावून तीन दिवस वजनाखाली ठेवला. बारा दिवस लागले, आणि तीन माणसांच्या पेट्या माझ्या दुकानात तशाच पडून राहिल्या. एकजण म्हणाला, "काका, शनिवारी भजन हाय." मी म्हटलं, "टाळ वाजवा."

आता परीक्षेचं ऐक. एक तोंड तळहातानं दाबलं, दुसरीकडून फुंकर भरली आणि धरून बसलो. हवा तिळभर हलंना. पाण्यात बुडवून पाहिलं असतं, पण नर्मदेनं डोळे वटारले. असा भाता मी आयुष्यात केला नाही. याला सूर बसवले असते तर शेजारच्या गल्लीत ऐकू गेला असता.

कंडक्टरकडं देतोय. सोबत एक रोल आहे, आठ फोटोंचा. आधी शाळेत वापरून बघ. तात्यारावाची लेक आहेस, हात आपोआप बसेल.

लिंबाजीकाका


वालूर,
२९ जानेवारी १९७८

ती. लिंबाजीकाका,
जयभीम.

सोबतचा फोटो बघा आणि मग बसून घ्या.

हे आमचे शाळेचे शिक्षक आहेत. सात जण ओळीनं उभे होते, बारवेच्या पायऱ्यांपाशी, भर उन्हात. फोटोत साडेतीन उरलेत. दोन्ही बाजूंनी काळे फुगे आलेत आणि त्यांनी उरलेल्यांना गिळलंय. आमचे मुख्याध्यापक दिनकरराव कडेला होते, त्यांचा एक कान तेवढा आलाय. त्यांनी फोटो उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बाई, कान चांगला आलाय." आठही फोटोंचं असंच. सेलूच्या फोटोवाल्यानं धुऊन दिले आणि वर हसला.

मी सगळं नीट केलं होतं. अंतर पावलांनी मोजलं, श्वास रोखून बटण दाबलं. तुम्हीही मन लावून केलंत, मला ठाऊक आहे. म्हणूनच रागवावं कुणावर ते कळेना. कॅमेरा पुन्हा पाठवतेय. चार आठवडे राहिलेत.

आणि काका, मला आता लाज वाटायला लागली आहे. रोज सकाळी आई त्या डब्यापुढं उभी राहून बोलते, आणि मी चहा पीत ऐकते. काल ती डब्याला म्हणाली, "आपल्या लेकीच्या मनात काईतरी हाय बगा, तुमाला सांगंल, मला न्हाई सांगायची." मी कप तसाच खाली ठेवला. वर ती असंही म्हणाली, की कोनाड्यातून कसला तरी वास येतोय. सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण मोडका कॅमेरा हातात देऊन काय सांगू?

सत्यशीला


परभणी,
७ फेब्रुवारी १९७८

चि. सत्यशीला,
जयभीम.

तुझा फोटो घेऊन स्टेशनजवळच्या बन्सीधरकडं गेलो. स्टुडिओ आहे त्याचा, वयानं माझ्या लेकासारखा. त्यानं कॅमेरा एकदा झटक्यात उघडला, मग मागचं झाकण काढून आत डोकावला आणि खुर्चीतच आडवा होऊन हसला. म्हणाला, "काका, ह्यो दम घ्यायलाय!"

मग मला दाखवलं. कॅमेरा उघडला की भाता पुढं ताणला जातो, त्याला आत हवा लागते. मी तर हवेला कुठं वाटच ठेवली नव्हती. मग भाता काय करणार? पोकळ गालासारखा आत ओढला जातो. आत आलेल्या घड्या उजेडाच्या वाटेत येतात आणि तुझे मास्तर खातात. "कॅमेऱ्याला उजेड अडवायचा असतो काका, हवा न्हाई. हवा येऊ-जाऊ द्यायची," बन्सीधर म्हणाला. चाळीस वर्षं भाता म्हटलं की हवा धरायची, एवढंच मला ठावं. जितका मन लावून केला, तितका बिघडवला. दिनकररावांना माझ्याकडून माफी माग.

आता कातडं काढून टाकलंय. छत्रीचं काळं कापड दुहेरी लावलं. उजेड गळतो का ते बघायला आत बॅटरी पेटवून ठेवायची आणि बाहेरून अंधारात बघायचं. अंधार कुठून आणू? भर दुपारी वाकळ डोक्यावर घेऊन आत कॅमेऱ्यासकट बसलो. गिऱ्हाईक आलं, त्यानं नर्मदेला विचारलं, "काकांना हिवताप हाय का?" ती म्हणाली, "न्हाई, अक्कल यायलीय." तीन ठिकाणी सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला, तो बुजवला.

आता खरं सांगतो. पोटात ठेवून आठ वर्षं झाली.

तो भाता उंदरानं खाल्लेला नाही. मी फाडला. एकोणसत्तरच्या बुद्धजयंतीला येलदरीला धरणावरच्या वसाहतीत आमचा जलसा झाला. नर्मदा धरण बघायला म्हणून सोबत आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याराव पूर्णेवर अंघोळीला गेला आणि मी न विचारता त्याचा कॅमेरा मांडीवर घेतला. नर्मदेला हसवायला पेटीसारखा भाता मागंपुढं ओढत गाणं म्हणायला लागलो. तिसऱ्या ओढीला टर्र करून फाटला. आत रोल होता. त्यावर आमच्या सगळ्या मंडळींचा फोटो होता, आदल्या दिवशी तात्यारावानं मला शिकवून माझ्याकडून काढून घेतलेला. मधोमध तो. उन्हात सगळा रोल गेला.

तो ओल्या अंगानं आला, बघितलं, आणि चार माणसं जमली तशी म्हणाला, "उंदरानं खाल्ला रे." मला एका शब्दानं बोलला नाही. पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. मातीला आलो तेव्हा वहिनी म्हणाल्या, "ह्यांचा एक बी फोटो न्हाई." त्यानंतर वालूरची गाडी धरायला पाय उचलला नाही.

तुमच्या घरात तात्यारावाचा फोटो नाही, तो माझ्यामुळं. आता हे वाचून तुला माझ्या हातात कॅमेरा ठेवावासा वाटत नसेल तर तसं लिही, बन्सीधरकडं देतो. नाहीतर वीस तारखेला कंडक्टरकडं पाठवीन.

लिंबाजी


वालूर,
१४ फेब्रुवारी १९७८

ती. लिंबाजीकाका,
जयभीम. पुढचं पत्र आई सांगतेय, मी लिहितेय. "म्या सांगीन ते लिही, तुजं शानपन घालू नको," असा हुकूम आहे.

लिंबाजी भावजी, जयभीम.

तुमचं कागद हिच्या हातून पडलं. म्या म्हणलं वाच. रडायली. म्या म्हणलं रडत रडत वाच.

पहिलं कांद्याचं सांगते. दुसऱ्याच दिवशी म्या डबा उघडला हुता. उन्हं दाखवायला दर महिन्याला उघडते म्या, हिला कुठं ठावं? बघते तर दोन कांदे. म्हणलं, ह्यांचा कॅमेरा गेला कुठं? मग सुमनबाईला धरलं, तिनं सगळं सांगितलं. म्हणलं बरं. बघू ही कवा सांगती. रोज सकाळी त्या कांद्यासंगं बोलत हुते, हिला ऐकू जावं म्हणून. वासाचं बोलले, मनातलं बोलले, पर ही घुम्यावाणी च्या प्यायची. परवा कांद्याला टीचभर कोंब आला, डब्याचं झाकन उचलाया लागला, तवा म्याच हिच्या म्होरं नेऊन ठेवला. म्हणलं, "बाई, ह्यो कॅमेरा वाडायलाय."

म्या दुरुस्तीला न्हाई म्हणत हुते ते भ्यानं. हात लावला आन् मोडून पडला तर मग मला काय राहील, आसं वाटायचं. आता गेलाच हाय तर गेला.

दुसरं. उंदराचं मला पयल्यापासून ठावं हाय. येलदरीहून आले त्याच दिवशी ह्यांनी सांगितलं. "लिंबाजीनं माज्या कॅमेऱ्याची पेटी केली गं," म्हणले, आन् हासून हासून डोळ्यांत पानी आलं ह्यांच्या. पुना मला शपथ घातली, त्याला कळू देऊ नको, तो लय लाजतो. म्या शपथ पाळली. ही मला उंदराचं विचारायली तवा हासू आवरंना, तोंडात पदर कोंबून आत पळाले.

भावजी, फोटो गेला ते गेला. त्यो तुमी मुद्दाम घालवला न्हाई. पर फोटोपायी तुमी येनं सोडलं, ते मुद्दाम सोडलं. आठ वर्सं. ह्यांचं बोलनं कसं हुतं, गानं म्हणताना हात कसा वर करायचे, हे माज्यासंगं बोलाया तुमच्यासारका कोन हुता? फोटो बोलत न्हाई. तुमी बोलला असता. त्याचा मला राग हाय, आन् तो कागदावर जायचा न्हाई. हितं येऊन खावा.

कॅमेरा कंडक्टरकडं देऊ नका. तुमी घेऊन या. पेटी आना, नर्मदाबाईला आना. कॅमेरा चालला तर चालला. न्हाई चालला तरी या.

(आईचं संपलं. काका, आता माझं. ती रडत नव्हती, हसत होती, आणि मी शिक्षिका. या. वीस नको, पंचवीसलाच या. — सत्यशीला)


परभणी,
९ मार्च १९७८

चि. सत्यशीला,
जयभीम.

आल्यापासून नर्मदा एकच सांगतेय, की वहिनींनी मला अंगणात सगळ्यांदेखत झापलं ते तिनं इतकी वर्षं झापलं त्याहून जास्त लागू पडलं. खरं आहे. आणि झापून झाल्यावर त्यांनी वाढलेली खीर मी तीनदा घेतली. घसा बसला होता तरी गायलो. तात्यारावाच्या पट्टीत मला गाता येत नाही, तिथं सरजाबाईनं उचललं. एवढा आवाज त्या म्हातारीत कुठून आला?

आता फोटो. रोल मी माझ्या हातानं बन्सीधरकडं नेला. त्यानं मला अंधाऱ्या खोलीत उभं केलं, "काका, हितं फुंकर मारू नका" म्हणाला. थाळीतल्या पाण्यात कागद हलत होता आणि त्यावर हळूहळू तुमचं अंगण वर यायला लागलं. काळे फुगे येतात की काय म्हणून मी कडाच बघत होतो. कड स्वच्छ! कडेला उभी असलेली ती दोन वेण्यांची पोरगी, बोटांच्या नखांसकट!

आठांपैकी सात आलेत. एक कोरा आहे. तू रोल दोनदा फिरवलास की झाकण काढायचं विसरलीस, ते तुझं तू ठरव. मला बरं वाटलं, म्हटलं चूक करणारा मी एकटाच नाही. सरजाबाईच्या फोटोत शेळी फार सुरेख आलीय, सरजाबाईनं डोळे मिटलेत. पण हसतेय. रागावल्यावाणी दिसत नाही.

माझा आणि नर्मदेचा आलाय. तिला कधीपासून म्हणत होतो, स्टुडिओत जाऊ. नको म्हणायची. तुमच्या अंगणात वहिनींनी ओढून उभी केली. तिनं मला दोनदा नीट निरखून बघितला आणि ट्रंकेत घडीच्या लुगड्याखाली ठेवला.

वहिनींचा फोटो शेवटी ठेवला. खुर्चीवर ताठ बसल्यात, हात मांडीवर, सरळ तुझ्याकडं बघतायत, "दाब की लवकर" असं म्हणतायत ते ओठांवरून कळतंय. या वेळी मागं सरल्या नाहीत. तो कागद थाळीतून बाहेर काढताना मी रडलो. बन्सीधरनं दिवा लावायला मुद्दाम उशीर केला.

सगळे फोटो सोबत पाठवतोय. कंडक्टरला लाडू म्हणून सांगितलंय.

लिंबाजीकाका


वालूर,
१९ मार्च १९७८

ती. लिंबाजीकाका,
जयभीम.

फोटो आले त्या दिवशी आमच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सरजाबाईनं स्वतःचा फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, "शेळी लय रोडावलीय." मग तो पदराला बांधून घेऊन गेली, आता भेटेल त्याला सोडून दाखवते. कोऱ्या फोटोचं मी कुणाला सांगितलं नाही. दिनकररावांना मात्र कळलं. म्हणाले, "बाई, निदान कान तरी काढायचा."

आईनं तिचा फोटो बराच वेळ बघितला. मला वाटलं, आता कोनाड्यात ठेवेल. तर म्हणाली, "मी जिती हाय. मला कशाला फुलं वाहता?" आणि माझ्या पुस्तकात घालून ठेवला. "तुज्याकडं राहू दे. तुला उगंच माजी आठवन यायची, तवा बघत जा."

कॅमेरा स्मृतिदिनाच्या संध्याकाळीच मी पुसून, डबा धुऊन, परत कोनाड्यात ठेवला होता. आईनं फूल ठेवलं, उदबत्ती लावली. रोजच्यासारखं बोलायला उभी राहिली, पण बोलली नाही. तीन आठवडे असंच चाललं. मी घाबरले. वाटलं, तुम्ही केलेला नवा भाता, करीमचाचांनी धुतलेला पडदा, हा तिला आबांचा वाटेनासा झाला की काय. विचारायचं धाडस होईना.

आज रविवार. पिंगळीहून मावशीच्या सासरचा निरोप आला होता, तिथल्या बायकांनाही फोटो काढून हवेत, येशील का म्हणून. मी निघायची तयारी करत होते, पण कॅमेरा मागावा कसा, या विचारात उंबऱ्यापाशीच घोटाळले. आईनं ते बघितलं. कोनाड्यातून डबा काढला, पट्टा माझ्या गळ्यात अडकवला, खांद्यावर नीट बसवला.

"आट वर्सं एका जागी बसवून ठेवलं म्या ह्यांना," ती म्हणाली. "ह्यांना बसायची सवय न्हवती. फोटो काढाया बोलावलं की हातातला घास टाकून पळायचे. जा, घेऊन जा."

मी विचारलं, "आणि कोनाड्यात काय ठेवू?"

आई फुलाच्या सुकलेल्या पाकळ्या गोळा करत होती. मागं न बघता म्हणाली, "काई नको. कामाला गेलेल्या मानसाची जागा दिसभर रिकामीच आसती."

तुमची लेक,
सत्यशीला